कंपनी म्हणते वीस, गाडी देते साडेअकरा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: नाशिकच्या एका नोकरदार वाचक भगिनींनी दोन महिन्यांपूर्वी जुनी स्विफ्ट घेतली. २०१५ची, पेट्रोल, मीटरवर ६८ हजार किलोमीटर. घर ते ऑफिस चार किलोमीटर, संध्याकाळी मुलीला क्लासला सोडणं-आणणं, आणि महिन्यातून एकदा कसारा घाटातून कल्याणला माहेरी. दोन महिन्यांत गाडी ११८० किलोमीटर चालली आणि पावत्यांप्रमाणे १०२ लिटर पेट्रोल गेलं. म्हणजे ॲव्हरेज साडेअकराचं. कंपनीचा आकडा २०.४. गॅरेजवाल्याने डीकार्बनायझिंग (इंजिनातली काजळी काढणं), इंजेक्टर क्लीनिंग, प्लग असं मिळून १४ हजारांचं काम सांगितलंय. दीर म्हणतात सीएनजी किट बसव, ऑफिसमधले म्हणतात महागातलं पेट्रोल टाक. बाई विचारतात: “मी फसले का? आणि नेमकं काय करू? घाट उतरताना मी गाडी न्यूट्रल करते, एसी कमी लावते, तरी फरक पडत नाही.”

उत्तर:

पावत्या जपून ठेवल्यात हे उत्तम केलंत, त्यामुळे आपल्याला अंदाजांवर बोलावं लागणार नाही. फसलात का, याचं उत्तर मात्र साडेअकरा या एका आकड्यात नाही. त्यात शहर आणि हायवे एकत्र मिसळलंय.

आधी त्या २०.४ कडे पाहू. हा आकडा पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेच्या चाचणीतला. ती चाचणी प्रयोगशाळेत, रोलरवर होते. साधारण वीस मिनिटांत पावणेअकरा किलोमीटर, कमाल वेग ताशी ९०, एसी बंद, चढ नाही, खड्डा नाही, मागे हॉर्न वाजवणारा रिक्षावाला नाही. दोन वेगवेगळ्या गाड्यांची तुलना करायला तो आकडा ठीक आहे, पण तुमच्या रस्त्यावर तुमची गाडी काय देईल याचं ते वचन नव्हे. ही गाडी नवी असतानाही शहरात १३-१४ आणि हायवेवर १७-१८ द्यायची, आणि त्यावर लोक खूश असायचे.

मधल्या काळात पेट्रोलही बदललं. आता पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवून ई१०ला (दहा टक्के इथेनॉलला) जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज ई२०वर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातच दिलेला आहे. म्हणजे १४ देणारी गाडी १३वर येणार. यात तुमचा दोष नाही, गाडीचा नाही आणि आधीच्या मालकाचाही नाही.

आता तुमचे १०२ लिटर फोडून बघा. कल्याणच्या दोन फेऱ्यांचे ५२० किलोमीटर धरू, उरलेले ६६० शहरातले. हायवेला गाडी १८ देत असेल तर तिथे २९ लिटर गेले, शहरात ७३. म्हणजे शहरात ॲव्हरेज नऊचं. आणि हायवेलाच ती १३ देत असेल तर तिथे ४० लिटर गेले, शहरात ६२. म्हणजे शहरात साडेदहाच्या पुढे. एकूण बेरीज दोन्हीकडे तीच, पण पहिल्या गाडीला काहीही झालेलं नाही, तिचा वापर तसा आहे. दुसरी गाडी मात्र खरोखर बिघडलेली आहे. हे कळल्याशिवाय चौदा हजार तर सोडाच, चौदाशेसुद्धा खर्च करू नका.

त्यासाठी पुढच्या कल्याण फेरीला एवढं करा. निघताना हायवेच्या तोंडाशी असलेल्या पंपावर टाकी फुल्ल करा, आणि नोजल पहिल्यांदा आपोआप ‘टक्’ करून बंद पडलं की थांबायला सांगा. “मॅडम, राउंड फिगर करू का?” याला नाही म्हणा. ट्रिप मीटर शून्यावर आणा. परत आलात की त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोजलवर, पुन्हा पहिल्या टक्पर्यंत भरा. किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा भरलेले लिटर. दर वेळी हजाराचं पेट्रोल टाकून हे कधीच कळत नाही, कारण टाकीत आधी किती होतं ते माहीत नसतं. डॅशबोर्डवरच्या आकड्यावरही जाऊ नका, तो सहसा थोडा गोडच बोलतो.

त्याच फेरीत मीटरही तपासून घ्या. जुन्या गाड्यांना हौसेने मोठी टायरं बसवलेली असतात. टायरचा घेर वाढला की मीटर कमी किलोमीटर दाखवतं आणि ॲव्हरेज विनाकारण कमी दिसतं. फोनच्या नकाशावर वीसेक किलोमीटरचा सरळ टप्पा मीटरशी ताडून पाहा. एखाद्या टक्क्याचा फरक सोडून द्या. चार-पाच टक्के असेल तर ड्रायव्हरच्या दारालगतच्या चौकटीवर चिकटवलेल्या स्टिकरवरचा टायरचा साइझ आणि टायरवर छापलेला साइझ जुळतो का ते बघा.

हायवेला १६ किंवा त्याहून जास्त मिळालं, तर गाडीला काही झालेलं नाही. तुमचं पेट्रोल चार-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत जातंय. गार इंजिनाला ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) मुद्दाम जास्त पेट्रोल पाजतो, ऑइलही तेव्हा घट्ट असतं. इंजिन नीट तापेपर्यंत तुमचं ऑफिस येतं, आणि संध्याकाळी पुन्हा पहिल्यापासून. यावर कुठल्याही गॅरेजात औषध नाही. करता येईल ते एवढंच: भाजी, बँक, क्लास ही कामं एका फेरीत बांधा, म्हणजे तापलेलं इंजिन वाया जाणार नाही. आणि क्लासबाहेर एसी लावून थांबत असाल तर ते बंद करा. उभ्या गाडीत हे इंजिन एसीशिवाय तासाला अर्धा ते पाऊण लिटर पितं, एसी लावला की आणखी. रोज दहा मिनिटं धरली तरी महिन्याला तीनेक लिटर जागच्या जागी जातात.

हायवेला १४च्या खाली आलं, तर मात्र शोध घ्यायचा. तोही स्वस्तापासून महागाकडे.

पहिली हवा. टायर गार असताना, म्हणजे घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत, स्टिकरवर दिलेल्या आकड्याइतकी भरा. पंपावरची पोरं न विचारता सरसकट ३० किंवा ३५ भरतात. तुम्ही आकडा सांगा. चाळीस भरली की ॲव्हरेज वाढतं असं ऐकाल. थोडं वाढतंही, पण टायर मधोमध झिजतं आणि पावसात ब्रेकला गाडी घसरते. टायरच्या बाजूला चार अंकी आकडा असतो: २३१७ म्हणजे २०१७च्या तेविसाव्या आठवड्यातलं टायर. नक्षी चांगली दिसत असली तरी सात-आठ वर्षांचं टायर कडक झालेलं असतं. तसं निघालं तर ॲव्हरेजचा विचार बाजूला ठेवून आधी टायर बदला.

मग ब्रेक. जुन्या गाडीत, विशेषतः विकण्यापूर्वी काही महिने उभ्या असलेल्या गाडीत, कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या, पिना गंजतात आणि पॅड डिस्कला चिकटून राहतात. किंवा कुणीतरी हँडब्रेकची केबल गरजेपेक्षा जास्त ओढून ठेवलेली असते. गाडी मग सतत हलका ब्रेक लावून चालते. ओळखायचं कसं? मोकळ्या हायवेवर दहा-पंधरा मिनिटं चालवा, शेवटी ब्रेक जेमतेम वापरत हळूहळू थांबा, आणि चारही रिमांजवळ हात न्या. हात लावू नका, नुसती धग बघा. एकच चाक इतरांपेक्षा जास्त तापलं असेल तर चोर सापडला. गॅरेजात जॅकवर उचलून चाक हाताने फिरवलं की खात्रीच होते. पिना साफ करून ब्रेकचं ग्रीस लावणं हे काही शेकड्यांतलं काम आहे, आणि ते चौदा हजारांच्या यादीत नाही याचं मला नवल वाटत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त वेळा निसटते: थर्मोस्टॅट. इंजिन आणि रेडिएटर यांच्या मधली ही झडप. इंजिन तापेपर्यंत ती बंद राहते आणि मग उघडते. आपल्याकडे एखादी गाडी एकदा गरम झाली की काही मेकॅनिक थर्मोस्टॅट काढूनच टाकतात आणि वर फॅनही डायरेक्ट, म्हणजे कायम चालू, करून देतात: “आता गाडी कधी गरम होणार नाही.” नाहीच होत. अगदी हायवेलाही होत नाही. ईसीयूला वाटत राहतं की इंजिन अजून गार आहे, आणि तो पेट्रोल जास्त देत राहतो. वर ऑइलमध्ये ओल साचते, इंजिन लवकर झिजतं.

हे घरी तपासता येतं. सकाळी गार इंजिन सुरू करा, एसी बंद. बॉनेट उघडून रेडिएटरच्या वरच्या जाड रबरी पाइपला हात लावा; ओढणी, बांगड्या, केस फॅनपासून लांब. थर्मोस्टॅट शाबूत असेल तर इंजिन तापत असतानाही तो पाइप बराच वेळ गारच राहतो, आणि मग एकदम चटका बसेल इतका तापतो. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला, तर झडप उघडी अडकलीय किंवा नाहीच आहे. तसंच एसी बंद असताना किल्ली फिरवताच रेडिएटरचा फॅन सुरू होत असेल, तर कुणीतरी वायर डायरेक्ट केलीय किंवा तापमानाचा सेन्सर गेलाय.

याहून नेमकं हवं असेल तर स्टिअरिंगखालच्या पोर्टला लावायचं ब्लूटूथ स्कॅनर घ्या. फोनवर चालतं, हजाराच्या आसपास मिळतं. एप्रिल २०१३नंतरच्या गाड्यांना ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून सांगायची यंत्रणा) सक्तीचं आहे, त्यामुळे तुमच्या गाडीला ते चालायला हवं. कुलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान हायवेला ८० ते ९५च्या दरम्यान स्थिर दिसलं पाहिजे. ६५-७०वर घुटमळत असेल तर थर्मोस्टॅटच. दुसरा आकडा लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल देतोय ते. ई२०मुळे जुन्या गाडीत तो चार-पाच टक्के अधिकमध्ये दिसणं स्वाभाविक आहे, त्याला घाबरू नका. पण उणे दहा किंवा त्याखाली असेल तर कुठून तरी जास्तीचं पेट्रोल येतंय: गळका इंजेक्टर, चुकीचं रीडिंग देणारा सेन्सर. अधिक बारा-पंधराच्या वर असेल तर कुठे तरी हवा शिरतेय, किंवा पेट्रोलचा दाब कमी पडतोय. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सरही याच फोनवर दिसतो. गरम इंजिनावर पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये सतत खालीवर उड्या मारत असला पाहिजे. एका जागी बसून राहिला किंवा आळसावल्यासारखा हलला, तर तो संशयित. हे आकडे हातात घेऊन गॅरेजात गेलात की बोलण्याचा सूरच बदलतो.

आता त्या चौदा हजारांच्या यादीकडे. प्लग बदलण्यात गैर काही नाही, शेवटचे कधी बदलले ते माहीत नसेल तर बदलाच; चारच आहेत, फार महागही नाहीत. थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा सोडणारी झडप) साफ करणं तेव्हाच, जेव्हा सिग्नलला रेस आपोआप खालीवर होते. इंजेक्टर क्लीनिंग तेव्हाच, जेव्हा इंजिन मिस मारतं किंवा ट्रिमचा आकडा तसं सांगतो. डीकार्बनायझिंग मात्र मी सरळ खोडेन. तुमच्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागे, पोर्टमध्ये फवारलं जातं आणि इनटेक व्हॉल्व्ह त्यानेच धुतले जातात. कार्बनची खरी कटकट डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या, इंजिनांना. एअर फिल्टरबद्दलही एक समज आहे, की तो चोंदला की पेट्रोल जास्त जातं. कार्ब्युरेटरच्या काळात ते खरं होतं. आता हवा कमी आली की ईसीयू पेट्रोलही कमी करतो, त्यामुळे पिकअप मरतो, ॲव्हरेज फारसं हलत नाही. फिल्टर बदला जरूर, पण त्याने दोन किलोमीटर वाढतील असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि पुढे चला.

महागातल्या पेट्रोलचंही तसंच. ज्या इंजिनाला जास्त ऑक्टेन लागतच नाही त्याला ते पाजून ॲव्हरेज वाढत नाही.

ॲव्हरेजशी संबंध असो-नसो, जुनी गाडी घेतल्यावर काही गोष्टी एकदा शून्यापासून कराव्याच लागतात, कारण आधीच्या मालकाच्या “सगळं वेळेवर केलंय” याला पुरावा नसतो. (पुरावा मागता मात्र येतो: अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीचा नंबर दिला की झालेल्या सर्व्हिसिंगची नोंद अनेकदा निघते. ६८ हजार खरे की मीटर मागे फिरवलंय, तेही तिथेच कळतं.)

ऑइल आणि ऑइल फिल्टर आधी. मॅन्युअलमध्ये दिलेल्याच ग्रेडचं ऑइल घ्या, या इंजिनाला पातळ ऑइल लागतं, ५डब्ल्यू-३० च्या जातीचं. “गाडी जुनी झालीय, जाड ऑइल टाकू” म्हणून २०डब्ल्यू-५० ओततात, ते नको. पेट्रोलही जास्त जातं आणि गार इंजिनात ऑइल वरपर्यंत पोचायलाही उशीर होतो. आणि एक बारीक गोष्ट नजरेसमोर करून घ्या. बाजारात ऑइलचा कॅन साडेतीन लिटरचा मिळतो, तुमच्या इंजिनात फिल्टर धरून बसतं सुमारे ३.१ लिटर. पैसे दिलेत म्हणून मेकॅनिक अख्खा कॅन रिकामा करतो. जास्तीचं ऑइल क्रँकने घुसळलं जातं, फेस येतो, ते ब्रीदरच्या नळीवाटे इंजिनात ओढलं जातं आणि जळतं. तीन लिटर ओतून थांबायला सांगा, इंजिन मिनिटभर चालवून बंद करा, पाच मिनिटांनी डिपस्टिक पुसून बघा आणि वरच्या खुणेच्या किंचित खाली थांबा. उरलेलं घरी आणा. पुढे १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. तुमचं वर्षाला सातेक हजार होतं, म्हणजे तुमच्यासाठी वर्षच. छोट्या फेऱ्यांचा वापर असल्याने ते अजिबात लांबवू नका.

कुलंट गंजक्या रंगाचं दिसलं तर आधी नळाचं पाणी भरलेलं होतं असं समजा. पूर्ण काढून, धुऊन, तयार मिश्रणाचं भरा. झाकण फक्त गार इंजिनावर उघडायचं. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं, ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. आधीच्या मालकांनी ते बहुधा केलेलं नसतं, आणि तुम्हाला तर घाट उतरायचा असतो. टायमिंग बेल्ट बदला असं कुणी म्हणालं तर हसून सोडा, या इंजिनाला चेन आहे. बॅटरी, वायपर, केबिन फिल्टर लागेल तसं.

पेट्रोलचे रबरी पाइप मात्र एकदा टॉर्च लावून बघून घ्या. दहा वर्षांचं रबर आणि इथेनॉल यांचं फार पटत नाही. पाइपला भेगा, ओल, किंवा सकाळी पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास असं काही असेल तर पाइप त्याच दिवशी बदला. नाशिकला उंदरांचा उपद्रव असेल तर वायरी कुरतडल्यात का तेही त्याच वेळी.

आता घाट. कसारा उतरताना न्यूट्रल करणं आजपासून बंद. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की ईसीयू इंजेक्टर पूर्ण बंद करतो, कारण इंजिन चाकांच्या जोरावर फिरत असतं. त्या वेळी पेट्रोल शून्य. न्यूट्रलला मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल चालूच राहतं. म्हणजे तुम्ही बचत समजून पेट्रोल घालवताय, शिवाय गाडीचा सगळा भार ब्रेकवर टाकताय. सतत दाबलेले ब्रेक तापतात, आत ओल शोषलेलं फ्लुइड उकळतं आणि पेडल तळाला जातं. तिसऱ्या गिअरला उतरा, उतार जास्त असेल तर दुसऱ्या. हायवेवर ऐंशीच्या आसपास राहा. शंभरला हवेचा विरोध ऐंशीच्या दीडपटीहून जास्त होतो. एसीपायी उकडत बसू नका, हायवेला त्याचा फरक थोडा पडतो. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये जास्त.

दिरांना सांगा, सीएनजीचा हिशेब महिन्याला सहाशे किलोमीटरवर बसत नाही. चांगल्या किटला अर्धा लाख किंवा जास्त जातात, डिकी जाते, आरसीवर नोंद करावी लागते, विमा कंपनीला कळवावं लागतं, सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी असते. आणि अशी किट गार इंजिन पेट्रोलवर सुरू करतात, थोडं तापलं की सीएनजीवर जातात. चार किलोमीटरच्या फेरीत बराच भाग पेट्रोलवरच कटेल. महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर होऊ लागले तर पुन्हा बोलू.

फसलात का? हायवेचा आकडा येईपर्यंत मी तरी तसं म्हणणार नाही. समजा १३ आले आणि कारण ब्रेक किंवा थर्मोस्टॅट निघालं, तरी ते दोन-तीन हजारांत सुटणारं आहे. तेवढ्यासाठी गाडी विकायला काढू नका.

पत्रात एका गोष्टीचा उल्लेख दिसला नाही, म्हणून विचारतो: आरसी आणि विमा तुमच्या नावावर झालाय ना? गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमा नावावर करायला अर्ज द्यायचा असतो, आरसीसाठी ३० दिवसांत. विमा जुन्या मालकाच्याच नावावर राहिला तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. त्याचा नो क्लेम बोनसही तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे थोडा फरक भरावा लागेल. दोन महिने होऊन गेलेत, तेव्हा हे राहिलं असेल तर टाकी फुल्ल करायच्या आधी हेच उरका.